पावसातलं मिसिंग

आमच्या गाडीला पाऊस सोसत नाही, असं कालिंदीचं म्हणणं. माझं म्हणणं वेगळं होतं. गाडीला पाऊस चांगला सोसत होता, आमचं बरं चाललेलं कुणाला तरी सोसत नव्हतं.

कालिंदी माझी बायको. आमचं रंकाळ्याच्या पलीकडे पेंडीचं दुकान आहे. सरकी, गोळी पेंड, भुसा, जनावराच्या तोंडी लागणारं सगळं मिळतं. मागच्या परड्यात म्हशी आहेत, त्या कालिंदीच्या. दुकान माझं. गाडी दोघांची, म्हणजे मी चालवतो, आणि मी नसेन तेव्हा ती.

गाडी पांढरी, पेट्रोलवरची, बरीच जुनी पण गुणी. उन्हाळाभर तिनं कधी कुरकुर केली नाही. जूनमध्ये पाऊस धरला आणि एका सकाळी रंकाळ्याच्या कडेला तिनं धक्के मारायला सुरुवात केली. पाय दाबावा तर पळायचं सोडून खोकायची. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायचा. गॅरेजवाले याला मिसिंग म्हणतात, एखादा सिलिंडर मध्येच काम सोडून देतो. मी कशीबशी घरी आणली. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, तर ही बया सुतासारखी सरळ. पुन्हा पाऊस, पुन्हा मिसिंग. पुन्हा ऊन, पुन्हा सरळ.

कुणीही म्हणेल, कुठंतरी पाणी शिरत असेल. मीही म्हणालो असतो. पण त्याच्या आधी मे महिन्यात आमच्या दूध संस्थेची निवडणूक झाली होती, आणि तिच्यात मी एका मतानं पडलो होतो.

एका मतानं पडणं म्हणजे काय ते पडल्याशिवाय कळत नाही. पन्नासानं पडला तर माणूस म्हणतो, लोकांना नको होतो. एका मतानं पडला की लोक राहतात बाजूला आणि एकच माणूस डोळ्यासमोर येतो. तो माणूस कोण, एवढंच मला कळायला हवं होतं. दुकानात पेंड मोजताना मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचो. हा असेल का? हसला का हा? नमस्कार जरा जास्तच वाकून केला का यानं?

आणि मी कमी केलं होतं का? समोर उदयसिंह उभा होता, पैशानं आणि नात्यागोत्यानं तगडा. मी दारोदार फिरलो. लोकांच्या म्हशींची दुखणी ऐकली, रेड्यांची कौतुकं केली. झुंबरबाई नावाची एक म्हातारी सभासद आहे, तिच्या पाया पडलो. तिला दिसलं नाही म्हणून दुसऱ्यांदा पडलो. ती म्हणाली, "बघू. इचार करून सांगतो." मतदाराचं हे ठरलेलं उत्तर. तोंडावर होय म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. तरी माझा अंदाज पक्का होता. रोज जेवायला बसलो की कालिंदीला सांगायचो, शंभरानं येतोय.

मोजणी झाली, मी मागितली म्हणून फेरमोजणी झाली, आणि मत तेवढंच राहिलं. बाहेर उदयसिंहाच्या पोरांनी गुलालाची पोती फोडली. अख्खा चौक गुलाबी झाला. मी मागच्या दारानं निघालो. त्या दिवशी गाडीही नव्हती. मोजणी बघवणार नाही म्हणून कालिंदी सकाळीच गाडी घेऊन गारगोटीला बहिणीकडे गेली होती.

अशा वेळी माणूस मित्राकडे जातो. माझा मित्र वसंता. शाळेपासूनचा. घर आमच्या गल्लीत, गॅरेज कळंबा रस्त्याला. परड्यात त्याचीही एक म्हैस आहे, म्हणून तोही संस्थेचा सभासद. मोजणीला मात्र आला नव्हता. काम आहे म्हणाला होता. संध्याकाळी त्याच्या गॅरेजात गेलो तर हा नळावर हात धूत होता. मी बाकड्यावर बसलो. तेवढ्यात त्यानं मान वळवली आणि मला त्याच्या कानामागं गुलाल दिसला.

"वसंता, कुठं गेलतास?"

"कुठं जाणार? हितंच हाय की."

"मग कानामागं काय हाय ते?"

त्यानं बोट लावलं, बोटाकडे बघितलं. चेहरा असा झाला की माझ्या मनात पाल चुकचुकली.

"उडाला असंल. सगळ्या रस्त्यावर उडतोय."

"ह्या रस्त्यावर मिरवणूक आलीच न्हाय."

"मग न्हाय."

"मत कुणाला दिलंस?"

त्यानं बोट पँटला पुसलं. नाकारलं असतं तर मी विश्वास ठेवला असता, आईशपथ. पण तो म्हणाला, "तुला काय वाटतंय?"

"मला वाटतंय ते बोलायला लाज वाटती."

"मग घरला जा की. वाटतंय ते वाटून घे."

मी घरी गेलो, पण गप्प गेलो नाही. गल्लीच्या तोंडाला, पानटपरीसमोर, चार लोकांत वसंताला घरभेदी म्हणालो. तो मागून सायकल ढकलत येत होता. त्यानं ऐकलं आणि पुढे निघून गेला. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं.

तेव्हा जूनमध्ये गाडी खोकायला लागली, तर माझ्या जागी तुम्ही कुणावर संशय घेतला असता? गाडीतलं कळणारा, माझ्यावर खार खाणारा, आणि शेजारी राहणारा असा माणूस एकच होता. तो नसेल तर मग उदयसिंहाचं कुणीतरी. जिंकलेला माणूससुद्धा हरलेल्याला सुखानं जगू देत नाही. टाकीत साखर टाकतात, असं मी ऐकलं होतं. पावसातच का? त्याचंही उत्तर माझ्याकडे होतं. पावसात रस्त्यावर चिटपाखरू नसतं. खोडी काढायला याच्याइतकी सोयीची वेळ नाही.

मी टाकीच्या झाकणाला कुलूप बसवलं. दारात कॅमेरा लावला. दुकानात बसून डोळ्यांत तेल घालून मोबाइलवर बघत बसायचो. त्यात एक मांजर दिसायचं, आणि सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन डेअरीला जाणारी कालिंदी. बाकी कोणी नाही.

कालिंदी म्हणायची, "वसंतभावजींकडं न्या की गाडी."

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊ?"

ती किटली उचलून डेअरीला जायची. पण पाऊस पडून गाडी बिघडली की पुन्हा तेच: भावजींकडं न्या. एवढी ओढ कशाला, असं मला वाटायचं. पण बायकामाणसांना शेजार धरून ठेवायचा असतो, म्हणून मी सोडून द्यायचो.

मी उद्यमनगरात आकाराम मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला टाकीत पाणी आलंय. टाकी धुतली, फिल्टर बदलला, मी शेजारी उभा राहून बघितलं. साखर निघाली नाही. तीन दिवस ऊन होतं, गाडी छान चालली, आकारामाचं मी दहा ठिकाणी कौतुक केलं. चौथ्या दिवशी पाऊस आला आणि मिसिंगही आलं. मग मोठ्या शोरूमला नेली. त्यांनी कॉम्प्युटर जोडला आणि म्हणाले, "गाडी ओके आहे सर. पावसात घेऊन या." पावसात घेऊन गेलो. वाटेत तीन वेळा खोकली, आणि त्यांच्या कोरड्या शेडमध्ये नंबर येईपर्यंत उभी राहिली, तर पुन्हा शहाण्यासारखी चालायला लागली. या खेपेला कॉम्प्युटरनं मात्र पकडलं. तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर. "प्लगला करंट देणारी कॉइल उघडून बघावी लागेल. गाडी ठेवून जा."

ठेवून जा! मूळचे पार्ट काढून भंगारातले बसवतात, हे काय मला माहीत नाही? म्हणालो, माझ्यासमोर उघडा. ते म्हणाले, गिऱ्हाइकाला आत सोडत नाही. मी म्हणालो, मग माझ्या इंजिनाला पाना लावायचा नाही. तशीच परत आणली. आज वाटतं, त्या दिवशी ठेवून आलो असतो तर सगळं एका परक्या माणसासमोर उघडं पडलं असतं आणि त्याला त्यातलं काही कळलं नसतं.

ऑगस्टमध्ये कालिंदीच्या बहिणीची, पूर्णिमाची सून बाळंत झाली. बारशाला गारगोटीला गेलो. जाताना उघडीप होती. परत निघालो तर असा पाऊस की पुढची एसटी दिसेना. इस्पुर्लीपासून गाडीनं खोकायला सुरुवात केली. कात्यायनीच्या चढाला तिनं जीवच सोडला होता, पण कशीबशी चढली. मी स्टिअरिंग धरून शिव्या देत होतो. कालिंदी पदरानं काच पुसत होती. कळंब्याच्या तळ्यापुढे जरा आलो, आणि गाडी बंद पडली ती पडलीच.

"आता काय?" मी म्हणालो.

"आता काय म्हंजे? पुढच्या वळणाला भावजींचं गॅरेज हाय."

"कालिंदी, मी मेलो तरी—"

"तुम्ही बसा हितं मरत," ती म्हणाली. "मी बोलावतो."

छत्री उघडून ती चालायला लागलीसुद्धा. एवढ्या वर्षांत तिनं माझं बोलणं असं अर्ध्यावर तोडलं नव्हतं. पाऊस जरा ओसरला होता, मी काच खाली करून बघत राहिलो. गॅरेजच्या पत्र्याखाली वसंता बाहेर आला. ती त्याच्याशी काहीतरी बोलली, अगदी जवळ जाऊन, हळू. त्यानं मान हलवली, नाही नाही अशी. ती पुन्हा काहीतरी म्हणाली. त्यानं पुन्हा मान हलवली.

गाडी बंद पडली आहे, एवढं सांगायला इतका वेळ लागतो? आणि त्यात नाही म्हणण्यासारखं काय आहे? तीन महिने मला वसंताचा संशय होता. आता पहिल्यांदा दोघांचा आला. मनात नको नको ते येऊन गेलं. ते इथं लिहीत नाही, पण आलं हे खरं.

वसंता पावसातच आला. माझ्याकडे बघितलं नाही. डिकीवर हात ठेवून एकच शब्द म्हणाला, "ढकल." कालिंदी स्टिअरिंगला बसली आणि आम्ही दोघं मागून ढकलत निघालो, खांद्याला खांदा लावून. डोक्यावरून पाणी गळत होतं. गाडी गॅरेजात गेल्यावर कालिंदी म्हणाली, धारेची वेळ झाली, मी रिक्षानं जातो. जाताना तिनं वसंताकडे एकदा बघितलं. तेही मी बघितलं.

वसंतानं घाई केली नाही. आधी बॉनेट उघडून नुसता उभा राहिला. मग वरवर पुसून गाडी चालू केली. थोडं कुथून इंजिन लागलं आणि पाच मिनिटांत गरम होऊन गोड चालायला लागलं.

"बघ, झाली नीट," मी म्हणालो. "असंच करती. लबाड हाय."

"लबाड गाडी नसती," वसंता म्हणाला. तीन महिन्यांतलं ते त्याचं पहिलं वाक्य.

त्यानं शटर अर्ध्याच्या खाली ओढलं. आत अंधारलं. मग शेजारच्या सलूनमधून पाण्याचा फवारा मारायची बाटली आणली, न्हावी केस ओले करतो ती. पहिल्या सिलिंडरच्या डोक्यावर फवारा मारला आणि थांबला. काही झालं नाही. दुसऱ्यावर मारला. काही नाही. तिसऱ्यावर मारला, आणि इंजिन असं अडखळलं की मी मागं सरकलो. अंधारात कॉइलच्या बुडाशी एक निळी बारीक ठिणगी इकडून तिकडे पळताना दिसली.

"हितं पळतोय करंट," वसंता म्हणाला. "प्लगला जायचं सोडून. ओल धरली की पळतोय, वाळलं की गप."

एवढ्या सगळ्यांकडे फिरून जे सापडलं नाही ते यानं न्हाव्याच्या बाटलीनं काढलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोक्यात दुसरंच आलं. इतक्या पटकन कसं सापडलं? कुठं बघायचं हे याला आधीच माहीत होतं का?

इंजिन बंद करून त्यानं शटर वर केलं. पान्यानं बोल्ट काढला आणि कॉइल वर ओढली. आणि त्याच क्षणी तो वळला. माझ्या आणि इंजिनाच्या मधे पाठ घालून उभा राहिला. फडकं काढलं, कॉइलचं रबर पुसलं, फडक्याचं टोक स्क्रू-ड्रायव्हरला गुंडाळून प्लग बसतो त्या खोल भोकात फिरवलं, पुन्हा पुसलं. सगळं भराभर. मग फडकं गोळा करून पँटच्या खिशात घातलं.

"काय होतं?"

"पाणी."

"दाखव."

"पाणी काय दाखवू? पुसलं की."

"फडकं दाखव."

"सयाजी, गाडी झालीय. घरला जा."

मी त्याचा हात धरला. दोन म्हातारपणाकडे झुकलेले बाप्ये गॅरेजात एका फडक्यासाठी झटापट करत होते, बाहेर कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. मला हसू येत नव्हतं. मला पुरावा मिळाला होता. काय टाकलं होतंस माझ्या इंजिनात, ते आता सगळ्या गल्लीला दाखवतो, असं मी ओरडत होतो. शेवटी त्यानं हात सैल सोडला. मी फडकं ओढून काढलं आणि उघडलं.

फडकं गुलाबी झालं होतं.

ओला, काळपट तेलात मिसळलेला, पण गुलालच. मे महिन्यातला तो रंग मी झोपेतही ओळखला असता.

पहिल्यांदा मला काहीच कळलं नाही. पडलेल्या माणसाच्या गाडीवर गुलाल कुठून येणार? माझी गाडी त्या दिवशी चौकात नव्हतीच. गाडी गारगोटीला होती. गाडी कालिंदीकडे होती. गारगोटीला कुणी गुलाल उधळला नव्हता.

मी वसंताकडे बघितलं. तो नळावर हात धूत होता, तसाच, त्या संध्याकाळसारखा.

"त्या दिवशी गाडी तू धुतलीस?" मी विचारलं.

त्यानं पुन्हा हाताला साबण लावला. मग म्हणाला, "प्रेशरनं पाणी मारायला नको होतं. माझं चुकलं. पण बॉनेटच्या फटीतनं सगळा आत गेलता, आणि तू रोज सकाळी बॉनेट उघडून तेल बघतोस. घाई झाली. वरचा निघाला, भोकात उतरलेला ऱ्हायला. गुलाल ओल धरतोय. पाऊस लागल्यावर गाडी खोकती म्हणून ऐकलं, तवाच कळलं मला काय झालं असंल ते. पण तू गाडी आणतोस कुठं माझ्याकडं?"

"मिरवणुकीत गाडी सापडली असंल. त्यात काय? लपवायचं कशाला?"

वसंतानं हात निथळले. नळ बंद केला. ठिबकणारं पाणी थांबेपर्यंत तोटी आवळत राहिला.

आणि मग मला कळलं. गुलाल कुणीही लपवत नाही. गुलाल उडाला तर माणूस घरी येऊन सांगतो, मेल्यांनी गाडी घाण केली. लपवायचं काहीतरी दुसरं असतं. एक मत. अख्ख्या पेठेत ते मी शोधत फिरलो, गिऱ्हाइकांच्या तोंडावर शोधलं, कॅमेरा लावून शोधलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी बाकड्यावर बसलो. राग आला, आणि त्याच्यापेक्षा जास्त लाज आली. घरभेदी म्हणालो होतो मी याला, चार लोकांत.

"वसंता," मी म्हणालो, आणि फडक्याची घडी घालत बसलो.

"घरी जाऊन तिच्यावर ओरडू नको," तो म्हणाला. "ओरडायचं असलं तर हितंच ओरड. मला सवय झालीया."

घरी जाताना पाऊस चालूच होता. गाडी एकदाही खोकली नाही. मी मात्र वाटभर वाक्यं जुळवत होतो. माझं खाऊन, माझ्या घरात राहून, वगैरे. अशी वाक्यं गाडीत एकटा असताना फार छान जुळतात.

कालिंदी गोठ्यात म्हशीखाली बसली होती. चरवीत धार वाजत होती.

"गाडी झाली नीट," मी दारातून म्हणालो.

"काय होतं?"

"गुलाल."

धार थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

"मत कुणाला दिलंस, कालिंदी?"

"मोठ्यानं बोलू नका. पान्हा चोरंल ती," तिनं म्हशीच्या पोटावर हात फिरवला, आणि त्याच आवाजात म्हणाली, "उदयसिंहाला."

जुळवलेली सगळी वाक्यं घशापर्यंत आली. पण म्हशीसमोर ओरडता येत नाही. मी दात आवळून, कुजबुजत विचारलं, "का?"

"तुम्ही झुंबरबाईच्या पाया पडायला गेलता, तवा त्यो आलता. त्या दगडावर बसला. म्हणला, वैनी, यादीत तुमचंबी नाव हाय म्हणून मागायला आलोय. हसू नका. द्या न द्या, तुमची मर्जी. मी हसलोच की. चहा दिला."

"एका चहावर मत?"

"चहा मी दिला. त्यानं न्हाय." ती अजूनही वर बघत नव्हती. "म्हशी मी बघतो, दूध मी घालतो, डेअरीत खातं माझं. सभासद मीबी हाय. तुम्ही सगळ्यांच्या दारात गेला. मला इचारलं का एकदा तरी?"

"घरातलं मत मागायचं असतंय व्हय?"

"न्हाय मागत कुणी. म्हणून तर गेलं."

मी गव्हाणीला टेकलो. ती सांगत राहिली, धार काढता काढता. तुम्ही रोज जेवताना शंभर म्हणत होता. म्हटलं, शंभरातलं एक. मागायला आलेल्याला मोकळं कशाला पाठवायचं? निकालादिवशी गारगोटीला जीव लागेना म्हणून लवकर परत आलो, तर चौकात मिरवणुकीत गाडी अडकली. पोरांनी पोतंच ओतलं. कुणाची गाडी तेही त्यांना कळलं नाही. एका मतानं, एका मतानं, असं ती पोरं ओरडत होती.

"माझ्याच मतानं तुम्ही पडला आणि माझ्याच गाडीवर गुलाल," कालिंदी म्हणाली. आता तिचा आवाज हलला. "घरी कशी आणू? म्हणून भावजींकडं गेलो. लई रडलो तिथं. तुम्ही त्यांना गल्लीत बोलला, तवाच सांगणार होतो. आजबी सांगतो म्हणालो त्यांना. तेच नको म्हणत्यात. म्हणाले, वैनी, माझ्याशी भांडून त्यो घरी जाऊन जेवतोय तरी. तुमच्याशी भांडला तर जेवणार कुठं?"

गॅरेजच्या पत्र्याखाली हलणारी वसंताची मान मला आठवली. तेव्हा मनात काय काय आलं होतं तेही आठवलं. मला माझी किळस आली.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. म्हशीनं शेपूट हलवली. कालिंदीनं चरवी बाजूला ठेवली आणि डोळे पुसले, हाताला दूध होतं म्हणून मनगटानं पुसले.

आमच्या घरी कुणी जेवायला येणार असेल तर मी आजवर नुसतं सांगत आलो आहे. अमका येतोय, तांबडा-पांढरा कर. ती करते.

"रविवारी वसंताला जेवायला बोलावलंय," मी म्हणालो. बोलावलं नव्हतं अजून, पण तोंडाला सवय तीच. मग घसा साफ केला. "बोलवायचं म्हणतोय. बोलवू का?"

तिनं पहिल्यांदा मान वर केली. "मला इचारताय?"

"व्हय. तुला इचारतोय."

ती माझ्याकडे बघत राहिली, नीट, वरपासून खालपर्यंत. मग चरवी उचलून दुसऱ्या म्हशीखाली जाऊन बसली.

"बघू," ती म्हणाली. "इचार करून सांगतो."